फाइलीचं वर्षश्राद्ध

आमच्या सरांना चहा विचारला, तर उत्तर यायला दहा मिनिटं लागायची. तोवर चहावाला पुढच्या गाळ्यात पोचलेला असायचा. मग सर मान वर करून म्हणायचे, "हो, चालेल." मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. पुढे कळलं, की ते कुठल्याच गोष्टीला लगेच उत्तर देत नाहीत. फोन वाजला की वाजू द्यायचे. तो बंद झाला, की नंबर वहीत लिहून घ्यायचे आणि जेवणानंतर सगळ्यांना ओळीने उलट फोन करायचे. एकदा मालकांनी विचारलं, "सर, दिवाळीनंतर रजा घेणार का?" सर गप्प. दुसऱ्या दिवशी मालक गाडीतून उतरत होते तर सर दारात उभे. म्हणाले, "नाही." मालकांना प्रश्नच आठवेना.

"ताजं घेऊ नये," ते म्हणायचे. "ताज्याला घाई असते. आधी पकडून ठेवायचं, मुरू द्यायचं, मग उघडायचं."

लोणच्याबद्दल बोलावं तसे ते सिग्नलबद्दल बोलायचे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका आतल्या गल्लीत आमचा गाळा होता. क्रेनचे रिमोट, गेटचे रिमोट, वजनकाट्यावरचे आकडे दाखवणारे डबे, अशी वायरीशिवाय चालणारी यंत्रं आम्ही दुरुस्त करायचो. मी डिप्लोमा करून तिथे लागले. सर सरकारी वायरलेस खात्यातून निवृत्त होऊन आलेले. दोघंही नाशिक रोडचे, त्यामुळे सकाळी एकाच बसमध्ये. पण बसमध्ये त्यांनी माझ्याशी कधी गप्पा मारल्या नाहीत. शेजारी बसून गुडघ्यावर बोटांनी टकटक करत राहायचे. काय करता म्हणून विचारलं, तर दोन स्टॉपनंतर म्हणाले, "कालचा रिमोट वाचतोय."

त्यांचं काम मला समजायला सहा महिने लागले. रिमोटचं बटण दाबलं की हवेत एक लहानसा संदेश जातो. त्यात आधी रिमोट आपलं नाव सांगतो आणि मग काम सांगतो, म्हणजे वर घे, खाली घे, थांब. आपल्या कानाला काही ऐकू येत नाही. सरांनी गाळ्याच्या पत्र्यावर कपडे वाळत घालायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना बांधला होता. तो आसपासच्या सगळ्या हवेतलं जे येईल ते सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत कॉम्प्युटरमध्ये भरत राहायचा. गोंगाटासकट सगळं. दुसऱ्या दिवशी सर ती फाइल उघडायचे आणि त्यातून एकेक संदेश निवडून त्याचा अर्थ लावायचे. त्यासाठीचे प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिले होते आणि त्यांना घरातल्या वस्तूंची नावं दिली होती. गोंगाट पाखडून टाकणारा प्रोग्रॅम म्हणजे सूप. मोठ्या फाइलीतून हवा तो पट्टा कापून काढणारी विळी. आणि शेवटी शून्य आणि एक वेगळे करून देणारी सुई. मालकांकडे मोठे पाहुणे आलेले असताना सर आतून ओरडायचे, "अगं, विळी चालव पाहू!" आणि मालकांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा.

या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. नुसतं नव्हतं असं नाही, केबलचं भोक त्यांनी लाख ओतून बुजवलं होतं. "बाहेरचं वारं लागलं की फाइल बिघडते," म्हणायचे. खरं तर तसं काही नसतं. मी वाद घातला, ते गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझी बिघडते."

त्यांच्या सोसायटीत एका बाईंच्या घराची बेल दुपारी आपोआप वाजायची. दार उघडावं तर बाहेर कोणी नाही. सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या आणि आयुष्यभर त्यांना दारात ताटकळत ठेवल्याचं या बाईंच्या मनात होतं. त्यांनी दुपारचं एक पान वाढून दारात ठेवायला सुरुवात केली. सरांनी चार दिवस त्या बेलची हवा पकडली, मुरवली, उघडली, आणि जाऊन सांगितलं की मागच्या इमारतीतल्या क्लासवाल्यांनी त्याच कंपनीची बेल आणली आहे आणि दोन्ही बेलचं हवेतलं नाव एकच आहे. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कोणी विचारलं होतं?" सर माझ्याजवळ हे सांगत होते, तेव्हा त्यांना त्या बाईंचा राग कळतच नव्हता. खरं कळल्यावर माणसाला बरं वाटतं, अशी त्यांची साधी समजूत होती.

आणखी एक खूळ. महत्त्वाची प्रत्येक फाइल ते बरोबर एक वर्षाने पुन्हा उघडायचे. काम कधीच संपलेलं असायचं, पैसे येऊन गेलेले असायचे, रिमोट भंगारात गेलेला असायचा. तरी त्या दिवशी सर घरून गुळाचा खडा आणायचे, कॉम्प्युटरपुढे ठेवायचे आणि फाइल अथपासून इतिपर्यंत वाचायचे. याला ते वर्षश्राद्ध म्हणायचे. गूळ मला मिळायचा. मी हसायचे आणि खायचे.

आता माझ्याकडे वळते. टाळून चालणार नाही.

त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नसल्यामुळे त्याचं घड्याळ हळूहळू सरकायचं. दर महिन्याच्या एक तारखेला ते मोबाइलवरच्या वेळेशी सेकंदाला सेकंद जुळवायचं काम माझ्याकडे होतं. त्याचं एक रजिस्टर होतं: तारीख, घड्याळ लावले, सही. मला ते काम म्हणजे निव्वळ म्हातारचळ वाटायचा. पाच-दहा सेकंदांनी कोणाचं काय अडतं? त्या वर्षी माझ्या लग्नाचं चाललं होतं, डोकं जागेवर नव्हतं. तीन महिने मी घड्याळाला हातच लावला नाही. नुसत्या सह्या केल्या.

आमच्या समोरच्या कारखान्यात त्याच दिवसांत अपघात झाला. क्रेनने लोखंडी साचा खाली उतरवत होते. खाली उभा असलेला कामगार साच्याखाली सापडला आणि जागीच गेला. क्रेनचा रिमोट हातात होता संजयच्या. संजय सटाण्याकडच्या एका गावचा. आणि खाली जो गेला तो त्याचा दाजी, सख्ख्या बहिणीचा नवरा. संजयनेच त्याला या कारखान्यात चिकटवलं होतं. संजय पहिल्या दिवसापासून सांगत होता, "मी लाल बटण दाबलं व्हतं. येळेवर दाबलं. क्रेन थांबलीच नाय." कारखान्याचे मालक सांगत होते, क्रेन चांगली आहे, पोराने उशिरा दाबलं. कॅमेऱ्याच्या चित्रात साचा खाली येताना दिसत होता, पण संजय खांबाआड होता. त्याचा हात दिसत नव्हता.

आणि कोणाला तरी आठवलं, की समोरच्या गाळ्यातला म्हातारा दिवसभर हवा भरून ठेवतो.

चौकशीचे अधिकारी आमच्याकडे आले तेव्हा संजयच त्यांच्या मागे होता. त्याने सरांचे पाय धरले. "साहेब, तुमच्या मशिनीत आसंल. बघा ना. माझी बहीण माझ्याकडं पाहत नाय." मी त्या क्षणी मनात म्हटलं, बरं झालं, आता याचं खरं ठरेल. आम्हाला दोघांनाही तसंच वाटत होतं.

अधिकाऱ्यांना उत्तर त्याच दिवशी हवं होतं. एरवी सरांनी त्यांना दारात उभं ठेवलं असतं. पण संजय पायरीवर बसून होता. म्हणून आयुष्यात एकदा सरांनी ताजं उघडलं. विळीने समोरच्या क्रेनचा तेवढाच पट्टा कापला, बाकीचा गोंगाट बाजूला टाकला, सुई चालवली. लाल बटणाचा संदेश सापडला. तीन वेळा दाबलेलं होतं. त्याच्यापुढे आमच्या कॉम्प्युटरची वेळ होती. सरांनी ती कॅमेऱ्यावरच्या वेळेशी ताडून पाहिली. साचा दाजीवर आला त्यानंतर सहा सेकंदांनी बटण दाबलेलं होतं.

सरांनी मला विचारलं, "घड्याळ?"

मी म्हटलं, "रजिस्टरला सही आहे, सर."

असंच म्हटलं मी. खोटंही बोलले नाही. अहवाल मीच टाइप केला आणि खाली 'तपासले' म्हणून माझी सही. सर पायरीवर जाऊन संजयला सांगू लागले. ते आवाज बारीक करून सांगत होते, पण आकडा मात्र स्पष्ट सांगितला. संजय पायरीवरून उठला. मग म्हणाला, "मशीन म्हणतंय तर तसंच आसंल." त्याची नोकरी गेली. तो गावी गेला.

वर्षभराने सरांनी गूळ आणला. मी खाल्ला नाही, मला ती फाइल आठवायची नव्हती. सरांनी मात्र या खेपेला पूर्ण फाइल उघडली, गोंगाटासकट. आणि त्या गोंगाटात त्यांना समोरच्या कारखान्याची चहाची बेल सापडली. तीही वायरीशिवाय चालणारी. बेल झाली की शेडच्या दारावरचा तांबडा दिवा लागतो, आणि तो दिवा अधिकाऱ्यांनी तेव्हा दिलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात दिसत होता. म्हणजे आता घड्याळाची गरजच नव्हती. चित्रात दिवा लागल्यावर अकरा सेकंदांनी साचा दाजीवर आला होता. फाइलीत बेल झाल्यावर सात सेकंदांनी लाल बटण दाबलं होतं.

संजयने बटण चार सेकंद आधी दाबलं होतं. एकदा नाही, तीनदा. क्रेनने ऐकलं नव्हतं. आमचं घड्याळ दहा सेकंद पुढे होतं.

सरांनी हे सगळं दोनदा करून पाहिलं. मग उठून रजिस्टर काढलं. तीन महिन्यांच्या तीन सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या हाताच्या, एका बैठकीत केलेल्या. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी टेबलाशीच उभी होते. आता ते काय बोलतील, याची वाट बघत होते. त्यांनी रजिस्टर मिटलं, स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "मी घड्याळावर गेलोच कशाला? माझी चूक."

हे मात्र त्यांनी लगेच म्हटलं.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. सासरी नवीन होते, नोकरी टिकवायची होती, आणि आपल्या तीन सह्यांनी एका माणसाचं वाटोळं झालं हे कोणापुढे उच्चारायची माझ्यात हिंमत नव्हती. सरांनी नवा अहवाल लिहिला, "घड्याळ न तपासण्याची चूक माझी" असं त्यात घातलं, आणि स्वतः चौकशीच्या कचेरीत नेऊन दिला. कारखान्याने सांगितलं, रिमोटचं ऐकणारा क्रेनवरचा डबा कधीच भंगारात गेला. कचेरीने सांगितलं, प्रकरण बंद आहे, कळवू. कळवलं कोणी नाही.

मग आम्ही संजयच्या गावी गेलो. वाटेतलं देवळा गाव मागे पडेपर्यंत सर गुडघ्यावर टकटक करत होते, मग थांबले. अंगणात एका बाजूला कांद्याची चाळ, दुसऱ्या बाजूला खाट. संजय ओळखू येत नव्हता इतका वाळला होता. त्याची बहीण मंगल आता माहेरीच राहत होती. एकाच घरात राहायची, पण भावाशी बोलायची नाही. आमच्यादेखत तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तोसुद्धा त्याच्याकडे न बघता.

सरांनी कागदाची लांबलचक पट्टी आणली होती, तिच्यावर त्या पंधरा-वीस सेकंदांची सगळी हवा छापलेली. ती त्यांनी अंगणात उलगडली आणि वाकून, बोट ठेवत ठेवत सांगितलं. ही बेल. हा तू. हा तू पुन्हा. हा तू तिसऱ्यांदा. आणि हे इथे, पुढे, तो साचा.

संजयने मान हलवली.

"नाय साहेब. मला आता दिसतंय ना. रोज दिसतं. साचा खाली येतो, दाजी जातो, आन मंग माझा अंगठा हालतो. तुम्ही म्हणले तेच खरं व्हतं. आधी मीच खोटं बोलत व्हतो, जीव वाचवायला."

"नाही रे," सर म्हणाले. "घड्याळ पुढे होतं."

"तुमचं घड्याळ?" तो हसला. "साहेब, सारी गल्ली तुम्हाला हसायची, इतकं तुमचं काम नेमकं. तुमचं घड्याळ पुढं कसं जाईन?"

सर पट्टीची घडी घालू लागले. मी चाळीकडे बघत राहिले. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. कदाचित नसतेही. मंगल दारातून म्हणाली, "बाबा, तुमी त्याचं मन राखाले उनात. ते समजतं आमाले. चहा घ्या." तिला वाटलं, म्हातारा दया येऊन खोटं बोलतोय.

त्यानंतर सर दर महिन्याच्या एक तारखेला सटाण्याची एसटी धरू लागले. एकटेच. मी पुन्हा गेले नाही, काहीतरी कारण काढायचे. दोन तारखेला ते गाळ्यात आले की मी विचारायचे नाही आणि ते दुपारी आपण होऊन सांगायचे. "आज ऐकून घेतलं त्याने." "आज पट्टी त्याने स्वतः उलगडली. पण म्हणतो, घड्याळ कसं चुकलं ते सांगा." मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं?" उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. या एका प्रश्नाला त्यांनी मला कधीच उत्तर दिलं नाही. माझं नाव घेतलं असतं, तर त्या पोराला पहिल्याच दिवशी पटलं असतं. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं, आणि आम्ही दोघं सकाळी एकाच बाकावर बसून अंबडला जात होतो.

दीड वर्ष असं चाललं. मग एका सकाळी सर बसला आले नाहीत. अंघोळ करून बसले होते, तिथेच गेले. मोबाइल नेहमीसारखा वाजू दिला असेल असं समजून घरच्यांनीही लवकर पाहिलं नाही. त्यांच्या मुलीने मला त्यांची पिशवी दिली, "ऑफिसचं काही आहे यात" म्हणून. आत रजिस्टर होतं आणि ती पट्टी, घड्यांवर फाटायला आलेली. मी पिशवी कपाटावर टाकली.

चार तारखेला फोन आला. अनोळखी नंबर. मी उचलला.

"ताई, मी संजय. बाबा या महिन्याला आले नाय. फोन उचलत नाय. तब्येत बरी हाय ना?"

मी सांगितलं. मग तो म्हणाला, "मंग आता मला कोन सांगनार?"

मला आधी कळलंच नाही. "काय सांगणार?"

"की मी दाबलं व्हतं."

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. नवऱ्याला ऑफिसचं काम सांगितलं. देवळ्यापर्यंत तीनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. अंगणात तो खाटेवर बसला होता, मंगल सुपात लसूण सोलत होती. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. रजिस्टर उघडून त्याच्या हातात दिलं आणि त्या तीन सह्यांवर बोट ठेवलं.

"ही मी आहे," मी म्हटलं. "घड्याळ लावायचं काम माझं होतं. तीन महिने मी ते लावलं नाही. कंटाळा आला म्हणून नाही लावलं, आणि लावलं म्हणून लिहिलं. म्हणून ते दहा सेकंद पुढे गेलं. यात सरांचं काही नव्हतं."

त्याने सह्या बघितल्या. एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर.

"बाबांना ठाऊक व्हतं?"

"हो."

"आन तरी मला बोलले नाय."

"नाही बोलले."

मंगलने सूप खाली ठेवलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. "तुमी कशाला नाय बोलल्या तव्हा?"

मी उत्तराची बसमध्ये तयारी केली होती. लग्न, नवीन घर, भीती. त्यातलं काहीच वापरलं नाही. "नोकरी जाईल म्हणून," मी म्हटलं.

"याची तर गयीच ना," ती म्हणाली. चिडूनसुद्धा म्हणाली नाही.

संजय रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता. तो मला विचारत नव्हता, तिलाही विचारत नव्हता, पण त्याने मोठ्याने म्हटलं, "म्हंजी मी दाबलं व्हतं."

मंगल वळली. अडीच वर्षांत पहिल्यांदा असेल, मला माहीत नाही, पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती. तिने खाली बसून त्याचे दोन्ही हात धरले.

"दाबं व्हतं रे भाऊ," ती म्हणाली. "येळवर दाबं व्हतं तू."

तो ओरडून रडायला लागला. आतून म्हातारी आई धावत आली, तिला काय झालं ते कळेना, ती माझ्याकडे बघून विचारू लागली, "काय व्हयनं? काय व्हयनं?" मी चपला घातल्या. मला कोणी बस म्हटलं नाही.